भुताचा आवाज बंद करून बघा

सोलापुरातल्या एखाद्या बंद गिरणीत रात्री मोबाइल घेऊन शिरायचं, तिथं ‘भुताचा शोध’ घ्यायचा आणि ते चित्रण ‘शंभर टक्के खरं’ असं ठळक लिहून टाकायचं, हा उद्योग आता चांगलाच फोफावलाय. गिरणी नसेल तर पडका वाडा, वाडा नसेल तर गावाबाहेरचा ओसाड बंगला, तोही नसेल तर स्मशान. बघणारे बहुतेक शाळकरी. आठवी-नववीची मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांना हे दाखवतात आणि रात्री घरातला दिवा बंद करू देत नाहीत. मोठ्या माणसांजवळ हा विषय काढला की दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे हे सगळं बंदच करा, आणि त्याबरोबर भयपटही बंद करा, कारण लोकांच्या डोक्यात भुतं भरली ती त्यांनीच. दुसरं म्हणजे पोरं चार पैसे मिळवताहेत, करमणूक आहे, कशाला एवढं मनावर घ्यायचं.

मला दोन्ही उत्तरं पटत नाहीत. मला भयपट मनापासून आवडतात. माणसाला सुरक्षित ठेवून त्याच्या अंगावर काटा आणणं ही मोठी कला आहे आणि तिला कुणी हात लावू नये. पण त्याच कलेची अवजारं उचलून भीती ‘खरी’ म्हणून विकायला काढली की तिला मी बुवाबाजी म्हणतो. कॅमेरा नवा असला म्हणून तिचं नाव बदलत नाही. या बुवाबाजीवर उतारा शोधायला लांब जायची गरज नाही, तो भयपटातच आहे. भीती कशी बनवतात हे मुलांना उघडून दाखवायला हवं, तेही शाळेत आणि त्यांच्याच हातून करवून घेऊन.

भीतीचा आस्वाद घेणं ही काही परक्या सिनेमाने लावलेली खोड नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितलेत, त्यातला एक भयानक. त्याचा स्थायीभाव भय, रंग काळा, देवता काल. बीभत्सातून भयानक उपजतो असंही तिथं म्हटलंय, आणि किळस आणि भीती यांची सोयरीक पाहिलेल्या कुणालाही ते पटेल. भीती कशाकशाने निर्माण होते याची यादीही आहे: विकृत आवाज, अमानुष प्राण्यांचं दर्शन, संग्राम, अरण्य, शून्यगृह. आज भयपट काढणाऱ्याच्या वहीत याहून फार वेगळं काही सापडणार नाही. नाटक बघणाऱ्याला ठाऊक असतं की समोर नट आहे, आणि ठाऊक असूनही घशाला कोरड पडते. ही दोन्ही एकाच वेळी घडतात म्हणून तर त्याला रस म्हणायचं. समोर नट आहे हेच प्रेक्षकापासून लपवलं तर उरते ती नुसती घबराट.

भयपटांच्या ठरलेल्या संकेतांना लोक हसतात. मोबाइलला रेंज नाही. गाडी नेमकी घाटात बंद पडते. वाटेवरचा म्हातारा ‘तिकडं जाऊ नका’ म्हणतो आणि कुणी ऐकत नाही. पाच जण वाड्यात शिरतात आणि पहिल्या आवाजालाच पाच दिशांना पांगतात. घरातलं कुत्रं किंवा लहान मूल सगळ्यांआधी ओळखतं, पण त्यांना बोलता येत नाही किंवा त्यांचं कुणी मनावर घेत नाही. पोलीस येतात ते सगळं आटोपल्यावर. हे संकेत झिजलेत हे मान्य, पण त्यांचं काम बघा. प्रत्येक संकेत मदतीची एकेक वाट बंद करतो. शेवटी एक माणूस, एक खोली आणि एक दार एवढंच उरतं. शहाणा दिग्दर्शक याच कामासाठी नवा संकेत शोधतो, आळशी दिग्दर्शक जुनाच वापरतो.

न दाखवणं ही त्याच घराण्यातली दुसरी युक्ती. 1975च्या ‘जॉज’मधला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बिघडत होता. स्टीव्हन स्पीलबर्ग यांना मग शार्कशिवाय शार्क दाखवावा लागला. पाण्याच्या रेषेवर धरलेला कॅमेरा, पृष्ठभागावरून ओढली जाणारी पिंपं आणि जॉन विल्यम्स यांनी दिलेले दोनच स्वर. बिघडलेल्या यंत्राने तो चित्रपट घडवला असं म्हणायला हरकत नाही. ‘भूतशोधक’ व्हिडिओतही कधीच काही दिसत नाही, मात्र तिथं न दिसणं हाच पुरावा म्हणून पुढं केला जातो: कॅमेरा तिकडं वळला, तेवढ्यात ते गेलं!

आता आवाजाकडे येतो, कारण या सगळ्या धंद्याचं मर्म आवाजात आहे. भरतानेही यादीत पहिला मान विकृत आवाजालाच दिलाय. 1942 सालचा ‘कॅट पीपल’ नावाचा एक अमेरिकी चित्रपट आहे. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक तूर्नर, आणि हाताशी पैसा अगदी कमी. त्यात एक बाई रात्री बागेच्या भिंतीकडेने एकटी चाललीय. तिच्या टाचांचा आवाज येतो, आणि मागून येणाऱ्या आणखी एका बाईच्या टाचांचा. मग मागचा आवाज थांबतो. पुढची बाई वळून बघते, मागं कुणी नाही. ती झपझप चालू लागते, तिच्याबरोबर आपलाही श्वास वर चढतो, आणि इतक्यात एखादं जनावर फिस्कारावं तसा आवाज करत पडद्यावर घुसते ती साधी शहर बस. ब्रेकचा आवाज, बस्स. संकलक मार्क रॉबसन यांनी तो असा काही लावला की थिएटरातली माणसं खुर्चीतून उडाली. पुढं या युक्तीला ‘ल्यूटनची बस’ असंच नाव पडलं. आज ज्याला ‘जंप स्केअर’ म्हणतात त्याचा मूळपुरुष तो. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, युक्ती अजून तीच आहे: आधी शांतता, मग धडाका.

ही युक्ती जुनी होत नाही याचं कारण आपल्या शरीरात आहे. अचानक मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, मान आखडते, खांदे वर येतात. डोक्याने विचार करायच्या आत शरीर हे करून मोकळं झालेलं असतं. त्यात श्रद्धेचा काही संबंध नाही. पक्का नास्तिकही दचकतो आणि बहिणाबाईंच्या ओव्या म्हणणारी आजीही दचकते. घोळ होतो तो त्यानंतरच्या क्षणात. छाती धडधडत असते, मन कारण शोधत असतं, आणि समोरचा माणूस कारण तयार ठेवून बसलेला असतो: ‘बघितलंत? तीच होती.’ धडधड खरी असते म्हणून कारणही खरं वाटतं.

डॅनियल ब्लमस्टीन हे कॅलिफोर्नियातले प्राणिशास्त्रज्ञ मार्मट या खारीच्या कुळातल्या प्राण्यांचा अभ्यास करतात. जिवाच्या भीतीने ओरडताना त्या प्राण्यांचा आवाज फाटतो, खरखरतो, सुराबाहेर जातो. माणसाच्या किंकाळीचंही तेच, आणि लहान बाळाच्या जिवाच्या आकांताच्या रडण्याचंही. 2010 साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर शंभरएक चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्या तपासल्या आणि भयपटांत असे फाटलेले, गोंगाटी आवाज मुद्दाम पेरलेले असतात हे मांडलं. 1960च्या ‘सायको’तल्या न्हाणीघराच्या प्रसंगाला संगीत नकोच, असं आल्फ्रेड हिचकॉक यांचं आधी मत होतं. बर्नार्ड हर्मन यांनी व्हायोलिनं किंचाळवली, हिचकॉक यांनी ती ऐकली आणि मत बदललं. त्या प्रसंगातलं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप होतं. चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे ते चालून गेलं. त्या किंचाळणाऱ्या तारांनी मात्र पुढच्या कित्येक पिढ्यांना न्हाणीघराची कडी दोनदा तपासायला लावली.

शांततेचंही असंच आहे, आणि ते सोलापूरच्या पूर्व भागात राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. यंत्रमागांची खटखट तिथं दिवसभर आणि कित्येक गल्ल्यांत रात्रीही चालू असते. कानाला तिची इतकी सवय होते की ती ऐकूच येईनाशी होते. वीज गेली की मात्र झोपलेली माणसंसुद्धा उठून बसतात. आवाज थांबला हीच घटना होते. भयपटाचा ध्वनिसंयोजक हेच करतो. पंख्याची घरघर, रातकिडे, फ्रिजचा बारीक गुणगुणाट असं काहीतरी आपल्या नकळत चालू ठेवतो, आणि नको त्या क्षणी काढून घेतो. आपल्याला काय गेलं ते कळत नाही, पण काहीतरी गेलं हे कळतं.

माझी भाची दिवाळीच्या सुट्टीत आली होती. तिने मला असाच एक व्हिडिओ दाखवला. बंद गिरणी, चार पोरं, हातात टॉर्च. “मामा, बघ की, हे खरंच हाय.” तिचे हात गार पडले होते, ते मी हातात घेऊन बघितले. मी तिला म्हटलं, आवाज बंद कर आणि परत लाव. “आवाजाशिवाय काय मजा?” असं म्हणत तिने लावला. आता पडद्यावर काय दिसलं? छपराचे पत्रे उडालेली लांबलचक शेड, भिंतीतून उगवलेलं पिंपळाचं रोप, जमिनीवर पारव्यांची घाण, आणि विटांच्या ढिगावरून तोल सांभाळत चाललेली चार मुलं. एक जण मागं बघतो, कॅमेरा गरकन फिरतो, काळोख, पुन्हा मुलं. भाची बोटाने दाखवत होती, “इथं ती बाई ओरडते.” “दिसली का ती?” “नाही. आवाज येतो तिचा.” मग उलटं केलं. तिने डोळे मिटले, मी आवाज चालू केला. पहिली किंकाळी झाली. पुढं थोड्या वेळाने दुसरी झाली, आणि तिने डोळे उघडले. “मामा, ही मघाचीच किंकाळी हाय की!” तीच होती. शेवटच्या हुंदक्यासकट तीच, दुसऱ्यांदा चिकटवलेली. त्यानंतर ती माझं ऐकायलाच तयार नव्हती. तिने स्वतः व्हिडिओ पुढं-मागं सरकवत कॅमेरा गरकन फिरतो ती जागा धरली. फिरण्याआधी मुलाच्या उजव्या हातात टॉर्च होता, फिरल्यावर डाव्या. मध्ये कापून जोडलं होतं. त्या रात्री दिवा तिनेच बंद केला.

मी तिला भूत नसतं असं एकदाही सांगितलं नव्हतं. मोठ्यांनी ‘नसतं’ म्हटलेलं मुलं ऐकून घेतात आणि अंधारात विसरतात. स्वतः पकडलेली चोरी मात्र ती विसरत नाहीत. माझा सगळा आग्रह त्यासाठी आहे.

या व्हिडिओंत पुरावा म्हणून जे दाखवतात तेही तपासण्यासारखं असतं. हवेत तरंगणारे पांढरे गोळे हा त्यातला सगळ्यात लाडका पुरावा. मोबाइलचा दिवा भिंगाच्या अगदी शेजारी असतो. भिंगासमोरून धुळीचा कण गेला की तो त्या दिव्याने उजळतो आणि फोकसच्या बाहेर असल्यामुळे गोल फुगलेला दिसतो. जिथं वर्षानुवर्षं कापूस पिंजला गेला, त्या गिरणीत चार माणसं पाय आपटत फिरल्यावर धूळ उडणार नाही तर काय होईल? दुसरा पुरावा म्हणजे मोकळ्या भिंतीवर मोबाइलने दाखवलेली चेहऱ्याची चौकट. मोबाइलला चेहरा कळत नाही, त्याला उजेड-अंधाराचे ठरावीक आकृतिबंध शोधायला शिकवलेलं असतं. डोळ्यांच्या जागी काळं, खाली उजळ, पुन्हा काळं, असं काही पोपडे निघालेल्या भिंतीवर जुळलं की तो चौकट काढतो. अंधारात चित्र दाणेदार होतं तेव्हा तर तो जास्तच फसतो. आपलेही डोळे ढगात आणि लादीवर चेहरे शोधतातच. तिसरा पुरावा म्हणजे ते लुकलुकणारं चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र. ते विजेच्या तारेजवळ लुकलुकतं, आणि खिशातल्या मोबाइलमुळेही लुकलुकतं. ज्या हातात यंत्र त्याच हातात फोन असेल तर भूत सतत हजर राहणारच.

‘खरं आहे’ असं म्हणून भीती विकण्याचा प्रयोग सिनेमाने केलाच नाही असं नाही, आणि त्याचे परिणाम बघण्यासारखे आहेत. 1980च्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’मध्ये हरवलेल्या चमूचं सापडलेलं चित्रण अशी मांडणी होती. इटलीत दिग्दर्शक रुज्जेरो देओदातो यांच्यावर बालंट आलं की यातले नट खरोखर मारले गेलेत. ते जिवंत आहेत हे त्यांना सिद्ध करून दाखवावं लागलं. 1999च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ची जाहिरातही तिघे बेपत्ता झाल्याच्या थाटात केली होती. या दोन्ही ठिकाणी निदान तिकीट होतं, थिएटर होतं, आणि पुढं सगळं उघड झालं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते तिसरं उदाहरण. 31 ऑक्टोबर 1992 रोजी बीबीसीने ‘घोस्टवॉच’ दाखवला. ते लिहून, बसवून, आधीच चित्रित केलेलं नाटक होतं, पण रूप थेट प्रक्षेपणाचं होतं. एका घरात भूत आहे, वार्ताहर तिथं आहे, स्टुडिओत मायकेल पार्किन्सन आहेत. हे पार्किन्सन लोकांना खरे मुलाखतकार म्हणून माहीत होते. पडद्यावर फोन करायला क्रमांकही दिला होता. नाटकांच्या मालिकेत तो लागला होता, पण ते कितीजणांनी लक्षात घेतलं असेल? 1994 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉक्टरांनी दहा वर्षांच्या दोन मुलांविषयी लिहिलं. हा कार्यक्रम पाहिल्यानंतर त्यांच्यात एरवी मोठ्या आघातानंतर दिसतात तशी लक्षणं दिसली होती. त्यांनी याहून कितीतरी भयानक चित्रपट पाहिलेही असतील. त्यांना मोडलं ते ‘हे आत्ता, खरोखर घडतंय’ या एका दाव्याने, असं मला वाटतं. आज तोच दावा आपल्या मुलांच्या हातात, पांघरुणाखाली, रोज येतो.

आपल्या भागात तर हा दावा आणखी धोक्याचा आहे. भानामती, करणी हे शब्द सोलापूर, लातूर, धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद) आणि पलीकडच्या कर्नाटकात म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगावे लागत नाहीत. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, अंगावर फुल्या उमटतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा घरांत गेले तेव्हा त्यांना मागं माणसाचाच हात सापडत गेला, पुष्कळदा घरातल्याच कुणाचा, मनातलं बोलता न येणाऱ्याचा. पण तोवर गावाने गुन्हेगार ठरवलेला असतो, आणि ती बहुधा एखादी एकटी बाई असते. विधवा, म्हातारी, जमिनीचा तुकडा नावावर असलेली. भयपटाच्या एका संकेतावर माझा आक्षेप आहे तो इथंच. पांढरी साडी, मोकळे केस, उलटे पाय, आणि मागं अन्यायाची एक कहाणी. त्या कहाणीला दहा मिनिटं आणि त्या बाईला घाबरण्याला दोन तास. चित्रपटात निदान ती दहा मिनिटं तरी असतात. व्हिडिओवाल्यांना तीही लागत नाहीत. ‘इथं एका बाईने जीव दिला होता’ एवढं एक वाक्य पुरतं, आणि ती बाई कोण, का गेली, हे कुणी विचारत नाही.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम आला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या बहाण्याने होणारी मारहाण आहे, भूत-पिशाच्चाला आवाहन करून घबराट पसरवणं आहे, आणि तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं, लोकांना फसवणं हेही आहे. म्हणून या पोरांना उचलून ठाण्यात बसवा असं मी मुळीच म्हणत नाही. कायद्याच्या मागं जो विचार आहे तो एवढाच की भीतीच्या जोरावर माणसाला लुबाडू नये. तो विचार कॅमेऱ्यालाही लागू आहे, हे आपण मान्य करायला हवं.

आणि गिरण्यांचं काय? सोलापूरची जुनी गिरणी 1877 सालची. मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी. गिरणीच्या भोंग्यावर घराघरांतले डबे भरले जायचे, शाळेची तयारी व्हायची. 1930च्या मे महिन्यात या शहरात मार्शल लॉ लागला. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली, आणि त्यातले कुर्बान हुसेन गिरणी कामगारांमध्ये वावरणारे होते. गिरण्या बंद पडल्या तेव्हा हजारो घरांची चूल मंदावली, माणसं बिडीच्या पानांवर आणि यंत्रमागावर आली, काही पुण्या-मुंबईला गेली. त्या भिंतींकडे पाहून भीती वाटावी असं खरं कारण हे आहे. त्याची माहिती नसलेलं पोर तिथं उभं राहून ‘इथं नकारात्मक ऊर्जा आहे’ असं सांगतं, आणि बघणाऱ्या हजारो मुलांना आपल्या आजोबांच्या गिरणीबद्दल तेवढंच माहीत होतं. याचं मला फार वाईट वाटतं.

हे व्हिडिओ काढणाऱ्या मुलांना काम नाही, हे मला दिसतं. मोबाइल धरायला, कापायला, जोडायला ती कुठल्या संस्थेत न जाता शिकलीत. कॅमेरा गरकन फिरवून त्यात जोड लपवणं हे कसब आहे. मोठमोठ्या दिग्दर्शकांनी ते वापरलंय. माझं त्यांना सांगणं एवढंच आहे की हे कसब स्वतःच्या नावावर घ्या. व्हिडिओ सुरू होताना पडद्यावर, वाचता येईल अशा अक्षरात, ‘ही काल्पनिक गोष्ट आहे’ असं लिहा. खाली वर्णनात कुणी उघडून बघत नाही तिथं नको. शेवटी नावं द्या: किंकाळी कुणाची, प्रकाश कुणाचा, संकलन कुणाचं. त्याने मजा जाईल असं ते म्हणतात. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ कुणालाच सत्यघटना वाटला नव्हता. 2018 साली तो लागला तेव्हा फार चालला नाही, सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. सगळं खोटं आहे हे ठाऊक असलेले लोक तिकीट काढून घाबरायला गेले, काही तर दुसऱ्यांदा.

शाळांकडून माझी अपेक्षा याहून मोठी आहे. अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते शाळेत येऊन जिभेवर जळता कापूर ठेवतात, पाणी शिंपडून नारळ पेटवतात, आणि मग नारळाच्या शेंडीत सोडियमचा खडा कसा लपवला होता ते उघड करतात. आधी चमत्कार, मग उलगडा, मग एखाद्या मुलाला बोलावून त्याच्याच हातून करून घेणं. ही पद्धत लागू पडते. भयपटासाठी नेमकी तीच वापरा. मार्चमधल्या एका दुपारी, टळटळीत उन्हात, मुलांना शाळेचा रिकामा व्हरांडा चित्रित करायला सांगा. रात्र नको, धुकं नको. आपल्याकडे धुकं असतं कुठं? ‘भर बाराला विहिरीवर जाऊ नको’ असं सांगणारी आपली आजी उजेडातल्या भीतीची जाणकार होती, आणि मराठी भयपट कोकणातला पाऊस आणि वाडा सोडून सोलापूरच्या त्या पांढऱ्या दुपारकडे कधी वळेल याची मी वाट बघतोय. तर अर्धवट उघडं दार, त्यावर कॅमेरा गरजेपेक्षा जास्त वेळ रोखलेला, आणि आत काहीही नाही. त्या एकाच तुकड्यावर एकदा हलगी लावा, एकदा नळाची टिपटिप, एकदा काहीच नाही. पहिल्याला वर्ग हसेल. दुसऱ्याला गप्प होईल. तिसऱ्याला कुणीतरी मागं वळून बघेल. मग विचारा, दार तर तेच होतं, मग बदललं काय?

एवढं केलेल्या मुलाला भयपट कमी आवडेल अशी भीती बाळगू नका. व्याकरण शिकलेल्या माणसाला कविता जास्त कळते. तो मुलगा दचकेल, कारण शरीर दचकणारच, पण दचकल्यावर ‘कुठं कापलं असेल?’ असं त्याच्या मनात येईल, आणि पुढं कधी एखाद्या घरावर दगड पडायला लागले तर दगड कुठल्या बाजूने येतात हे तो आधी बघेल.

आणि ज्यांना गिरणीतच भूत उभं करायचंय त्यांनी जरूर करावं. परवानगी काढून दिवसा जा, कारण त्या इमारतींची छपरं आणि जिने आता भरवशाचे नाहीत. जाताना तिथं तिसऱ्या पाळीत काम केलेल्या एखाद्या आजोबांना बरोबर न्या. साचेखातं कुठं होतं, कापसाच्या धुळीने छाती कशी भरायची, भोंगा शेवटचा वाजला त्या दिवशी फाटकावर कोण काय बोललं, हे त्यांना विचारा आणि नीट ध्वनिमुद्रित करा. मग गोष्ट लिहा.